नीट झाली, कॉलेज अजून लांब आहे: मधल्या महिन्यांत काय करायचं, काय सोडायचं

५ मे २०१९ ला संध्याकाळी पाचला माझी नीट, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा, संपली. लातूरच्या रूमवर आले, दोन वर्षांच्या टेस्ट सिरीजच्या प्रश्नपत्रिका पोत्यात भरल्या, गादी गुंडाळली आणि रात्रीच्या एसटीनं घर गाठलं. पहिले तीन दिवस झोपून काढले. चौथ्या दिवसापासून घरी येणारा प्रत्येक जण एकच विचारू लागला, "मग, आता काय?" मामा म्हणाला, पुढचं वाचायला घे, इतरांच्या पुढे राहशील. आत्या म्हणाली, काही करू नकोस, असा वेळ परत मिळायचा नाही. मला दोघांचंही पटत होतं. त्यामुळे जूनच्या मध्यापर्यंत धड वाचनही झालं नाही आणि धड आरामही नाही.

१ ऑगस्टला कॉलेज सुरू झालं. आता एमबीबीएस आणि इंटर्नशिप संपवून मी सरकारी सेवेच्या बंधपत्राचं वर्ष प्राथमिक आरोग्य केंद्रात करते आहे. दर मे महिन्यात गावाकडून, नात्यातून फोन येतात, "ताई, पेपर बरा गेलाय, कॉलेज लागेपर्यंत काय करू?" फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगते ते इथे सलग लिहिते. महाराष्ट्रात राज्याच्या कोट्यातून प्रवेश घेणारी मुलं-मुली डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे, पण बरंचसं सगळ्यांनाच लागू पडेल.

काय करायचं ते ठरवायला मी एकच चाळणी वापरायला सांगते. समोर आलेल्या प्रत्येक कामाला विचारा: हे कॉलेज सुरू झाल्यावर करता येईल का? येत असेल तर आत्ता सोडा. येत नसेल, किंवा तेव्हा फार महागात पडणार असेल, तर आत्ता करा. ॲनाटॉमी कॉलेजात शिकवणारच आहेत. जात वैधता प्रमाणपत्र, हिपॅटायटिसची लस आणि आजीजवळ बसणं या तीन गोष्टी तिथे कुणी करून देणार नाही.

१. आधी आपण कुठे आहोत ते बघा

उत्तरतालिका आली की एकदाच, शांतपणे गुण मोजा. मग स्वतःला तीनपैकी एका गटात ठेवा: प्रवेश जवळजवळ नक्की, काठावर, किंवा या वर्षी अवघड.

इथे सगळ्यात जास्त मुलं फसतात ती मागच्या वर्षीच्या गुणांशी तुलना करून. पेपर सोपा की अवघड यावर गुण प्रचंड हलतात. २०२४ च्या अंतिम निकालात १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ मध्ये देशात पहिला आलेल्याला ६८६. म्हणजे "मागच्या वर्षी इतक्या गुणांना लागलं होतं" या वाक्याला काहीच अर्थ उरत नाही. तुलना करायची ती क्रमांकाची, आणि तीसुद्धा तुमच्याच प्रवर्गातल्या, तुमच्याच कोट्यातल्या. राज्यातल्या प्रवेशांचं काम बघणारं सीईटी सेल राज्याची गुणवत्ता यादी आणि प्रत्येक फेरीची निवड यादी लावतं. मागच्या वर्षीची यादी उघडून ज्या कॉलेजांत जायचंय त्यांचे शेवटचे क्रमांक वहीत उतरवून ठेवा.

काठावर असाल तर आणखी एक गोष्ट आत्ताच घरच्यांसोबत बसून ठरवा: कितव्या फेरीपर्यंत वाट पाहायची, आणि नाहीच लागलं तर परत नीट द्यायची की बीएएमएस, बीडीएस, फिजिओथेरपी, पशुवैद्यकीय यांपैकी एखादा रस्ता धरायचा. वाट पाहायची शेवटची फेरी ठरली की तोवरचे महिने मोकळ्या मनानं वापरता येतात. माझ्या रूमवरची मैत्रीण अगदी काठावर होती. ऑगस्ट संपेपर्यंत तिनं पुस्तकही उघडलं नाही आणि एक दिवस नीट झोपलीही नाही, कारण "लागेल का" हा एकच प्रश्न घरात सकाळ-संध्याकाळ चालला होता.

२. कागदपत्रं: पहिल्या पंधरवड्यातच हात घाला

निकाल लागायची वाट पाहू नका. निकालानंतर राज्यातली सगळी मुलं एकाच वेळी सेतू केंद्रात उभी राहतात.

माझ्याकडे नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र होतं. अकरावीत शिष्यवृत्तीसाठी काढलेलं, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. "आहे आपल्याकडे" म्हणून आम्ही निवांत होतो. प्रवेशाची माहितीपुस्तिका आली तेव्हा प्रमाणपत्राच्या तळाची ओळ पहिल्यांदा वाचली. मुदत ३१ मार्च २०१९ ला संपली होती. तेव्हा नेमका पाऊस झाला होता आणि सोयाबीनची पेरणी सुरू होती. बाबांनी तिफण भावकीतल्या एकाच्या हवाली केली आणि चार दिवस तालुक्याला खेटे घातले. एक दिवस सर्व्हर बंद, एक दिवस साहेब दौऱ्यावर, एक दिवस तीन वर्षांच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर नावात चूक. प्रमाणपत्र मिळालं, पण ते चार दिवस मे महिन्यात गेले असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं.

म्हणून आत्ता घरात फाइल घेऊन बसा आणि एकेक कागद हातात धरून तपासा:

- नीटच्या अर्जाची प्रत, प्रवेशपत्र, निकालानंतर गुणपत्रक
- दहावीचं गुणपत्रक आणि प्रमाणपत्र
- बारावीचं गुणपत्रक
- कॉलेज सोडल्याचा दाखला. राज्याबाहेरचं किंवा केंद्रीय बोर्ड असेल तर मायग्रेशन प्रमाणपत्र
- वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र, म्हणजे आपण ज्याला डोमिसाइल म्हणतो ते
- आधार कार्ड
- राखीव प्रवर्गासाठी जात प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र
- ओबीसी, व्हीजे-एनटी, एसबीसी, एसईबीसी यांच्यासाठी नॉन-क्रिमिलेअर, पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं
- ईडब्ल्यूएसमधून अर्ज करणार असाल तर राज्याच्या नमुन्यातलं पात्रता प्रमाणपत्र
- उत्पन्नाचा दाखला
- माहितीपुस्तिकेतल्या नमुन्यातच घेतलेलं वैद्यकीय तंदुरुस्ती प्रमाणपत्र
- मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
- नीटच्या अर्जावर लावलेल्या फोटोच्याच वीसेक प्रती

यात सगळ्यात वेळखाऊ कागद जात वैधतेचा. तो जिल्हा जात पडताळणी समितीकडून येतो, आदिवासी प्रवर्गासाठी समिती वेगळी असते, आणि जुन्या पिढ्यांचे पुरावे लागतात. आजोबांचा शाळेचा निर्गम उतारा, जुना सातबारा, चुलत्याची वैधता असेल तर तिची प्रत, हे जमवायलाच आठवडे जातात. अकरावीत अर्ज केला नसेल तर आज करा, आणि अर्जाची पावती जपा.

दुसरा सापळा नावाचा. दहावीच्या गुणपत्रकावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, जातीच्या दाखल्यावर वडिलांचं नाव तिसऱ्याच पद्धतीनं. दहावीचं गुणपत्रक प्रमाण मानून आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. मूळ कागद लॅमिनेट करू नका. प्रत्येकाचं स्पष्ट स्कॅनिंग करून मोबाइल, ईमेल आणि एका पेन ड्राइव्हमध्ये ठेवा. प्रवेश घेतला की मूळ कागद कॉलेजात जमा होतात, आणि त्यानंतर कुठल्याही कामाला तुमच्या हाती फक्त झेरॉक्स असते. तीन संच काढा.

३. प्रवेशाच्या फेऱ्या समजून घ्या

सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. त्यांचं काम केंद्राची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी (एमसीसी) बघते. उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या सीईटी सेलकडे असतात. दोन्हीकडे वेगळी नोंदणी, वेगळं शुल्क, वेगळ्या तारखा. एकीकडे नाव नोंदवलं म्हणजे दुसरीकडे झालं असं होत नाही, आणि दर वर्षी काही मुलं याच समजुतीत राहतात.

पसंतीक्रम भरताना मनापासून हवं असलेलं कॉलेज वर ठेवा. "ते मला लागणार नाही" म्हणून खाली ढकलू नका. न लागणारं कॉलेज वर ठेवल्यानं खालच्याची संधी जात नाही. पहिल्या फेरीत जागा मिळाली आणि तीच कायम ठेवायची असेल तर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म असतो. तो भरला की पुढच्या फेऱ्यांत बदल मिळत नाही. सही करण्याआधी घरातल्या दोघांनी तरी वाचावा. कोणत्या फेरीनंतर जागा सोडली तर अनामत जाते, याचे नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच बघा. सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्यासुद्धा.

या दिवसांत "मॅनेजमेंटमधून सीट करून देतो" असे फोन येतील. एमबीबीएसची प्रत्येक जागा नीटच्या गुणांवर आणि अधिकृत समुपदेशनातूनच भरते. रोख पैसे मागणाऱ्याशी बोलणं तिथंच थांबवा.

४. लसी: हे काम खरोखर घड्याळावर चालतं

माझ्या मते हा लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि मला हे कुणीच सांगितलं नव्हतं.

हिपॅटायटिस बी रक्तातून पसरतो. पुढची पाच-साडेपाच वर्षं तुमचा संबंध सुया, रक्त आणि जखमांशी येणार. पहिल्याच वर्षी फिजिओलॉजीच्या प्रॅक्टिकलला स्वतःचं बोट टोचून रक्त काढायचं असतं. चाळीस मुलं, एक खोली, टेबलभर लॅन्सेट. या लसीचे तीन डोस असतात: आज, एक महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. मेच्या मध्यात पहिला घेतला तर दुसरा जूनमध्ये घरीच होतो आणि तिसरा नोव्हेंबरमध्ये. कॉलेज लागल्यावर सुरुवात केली तर तिसरा डोस पुढच्या वर्षावर जातो. देशभर सगळ्या बाळांना ही लस सरकारी लसीकरणात मिळू लागली ती २०११ पासून. त्याआधी जन्मलेल्यांनी आपलं जुनं लसीचं कार्ड शोधावं. आईच्या ट्रंकेत, बाळाच्या टोपड्यांसोबत बहुतेक सापडतं. लहानपणी घेतली असेल तर परत घ्यायची का, ते डॉक्टरांना कार्ड दाखवून विचारा. तीन डोस पूर्ण झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिकारशक्ती मोजता येते. अँटी-एचबीएस १० किंवा त्याहून जास्त आलं की संरक्षण आहे असं धरतात. तो रिपोर्ट जपून ठेवा.

त्याच भेटीत आणखी दोन प्रश्न विचारा. सोळाव्या वर्षीचा धनुर्वात-घटसर्पाचा डोस झालाय का? कांजिण्या आल्या होत्या का? आल्या नसतील तर लसीचे दोन डोस काही आठवड्यांच्या अंतरानं घेता येतात. होस्टेलमध्ये एकीला कांजिण्या झाल्या की अख्खा मजला लागतो, आणि तोही बरोबर इंटर्नल परीक्षेच्या आठवड्यात.

चष्म्याचा नंबर तपासा, किडलेला दात भरून घ्या. दातदुखीसाठी पहिल्या वर्षी सुट्टी मागणं फार जड जातं.

५. अभ्यास करू नका

मी केला होता. जूनमध्ये एका सीनियरकडून ॲनाटॉमीची जाड पुस्तकं आणली आणि हाताच्या स्नायूंपासून सुरुवात केली. उगम कुठे, जोड कुठे, नस कोणती, तक्तेच्या तक्ते पाठ केले. सप्टेंबरमध्ये डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे मृतदेहाचं विच्छेदन करून शिकतात तिथे, टेबलाभोवती उभी राहिले, फॉर्मॅलिननं डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि समोर जे दिसत होतं त्याचा माझ्या तक्त्यांशी काही मेळ बसेना. हाताखाली स्नायू आला, तो उचलून त्याच्या मागची नस बघितली, तेव्हा जे कळलं तेच टिकलं. जूनमधलं पाठांतर सगळं वाहून गेलं होतं.

दोन वर्षं घासलेला मेंदू थकलेला असतो, हेही खरंच. त्याला विश्रांती दिली नाही तर डिसेंबरपर्यंत तो हात टेकतो. माझ्या बॅचमध्ये पहिल्या महिन्यात सगळ्यात पुढे असलेली काही मुलं पहिल्या टर्ममध्ये खचलेली मी पाहिली आहेत.

एक अपवाद मात्र मानते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांनी, नीट मराठीतून दिलेल्यांनी, इंग्रजी वाचनाचा वेग वाढवावा. रोज अर्धा तास इंग्रजी वर्तमानपत्र, मोठ्यानं, शब्दकोश शेजारी ठेवून. वैद्यकीय शब्द आत्ता नकोत. ते इंग्रजी माध्यमवाल्यांनाही नवेच असतात, तिथे सगळे एका रेषेवर उभे असतात. अडतं ते साध्या वाक्यांत. माझ्या शेजारच्या बाकावरचा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेतला. पहिले दोन महिने तो एका पानाला अर्धा तास घ्यायचा आणि कुणाला सांगायचा नाही. तुमचं तसं होऊ नये.

खरेदीच्या बाबतीतही हात आखडता ठेवा. प्री-एमबीबीएस म्हणून विकले जाणारे कोर्स, महागडे टॅब, आधीच घेतलेला हाडांचा संच, यांतलं काही आत्ता लागत नाही. हाडं आणि पुस्तकं सीनियरकडून मिळतात. स्टेथोस्कोप पहिल्या दिवशी मिरवायचा मोह होतो, पण खरा उपयोग वॉर्ड सुरू झाल्यावर. पुस्तकं कोणती घ्यायची ते शिक्षक सांगतात, आणि कॉलेजाप्रमाणे ती बदलतात.

६. रुग्णाची भाषा शिका

हे मात्र जितकं आत्ता कराल तितकं पुढे उपयोगी पडेल, आणि याचं पुस्तक नाही.

इंटर्नशिपमध्ये माझ्यासोबतच्या एका शहरातल्या मुलानं एका बाईच्या केस पेपरवर "उन्हाचा त्रास" असं लिहिलं. बाई म्हणाली होती, "उन्हाळी लागलीय." उन्हाळी लागणं म्हणजे लघवीला आग होणं, थेंब थेंब होणं. ओआरएसची पुडी देऊन तो तिला घरी पाठवणार होता. वॉर्डातल्या मावशींनी टोकलं म्हणून लघवी तपासली गेली. तो हुशार मुलगा आहे, त्याला फक्त हा शब्द ठाऊक नव्हता.

"पित्त झालंय" हा आणखी एक शब्द. छातीत जळजळ होते, आंबट ढेकर येतात, तेही पित्तच. अंगावर लाल गांधी उठतात, खाज सुटते, तेही "पित्त उठलं". दोघांची औषधं अगदी वेगळी. "अंगावरून जातंय" म्हटल्यावर लाल की पांढरं, हे विचारायला शिकावं लागतं. परसाकडला होत नाही, ढाळ लागले, मुरडा येतो, कणकण आहे, हुडहुडी भरली, धाप लागते, उबळ येते, डोळ्यांपुढे अंधारी आली, घेरी आली, फेफरं आलं, हाताला मुंग्या आल्या, पाठीत चमक भरली. ठणकतंय आणि ठुसठुसतंय यांत फरक आहे, आणि रुग्णाला तो नेमका ठाऊक असतो. नागीण म्हणजे साप नव्हे, पट्ट्यात उठणारे पुरळ. वार म्हणजे आठवड्याचा वार नव्हे, बाळाच्या नंतर पडणारी वार.

एक छोटी वही करा. आजी, आत्या, शेतात कामाला येणाऱ्या मावशी, गल्लीतल्या आशाताई यांच्याजवळ बसा आणि विचारा, "पूर्वी तुम्ही कुठल्या दुखण्याला काय म्हणायचा?" त्या हसतात, मग बोलू लागतात, मग थांबत नाहीत. खानदेशात अहिराणी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी; जिथे कॉलेज लागेल तिथले शब्द नंतर त्याच वहीत वाढवा. अखिल भारतीय कोट्यातून राज्याबाहेर जाणार असाल तर तिथल्या भाषेतले आकडे, नाती आणि शरीराच्या अवयवांची नावं आत्ताच पाठ करायला घ्या.

७. दवाखान्यात जाऊन बसावं का?

बसा, पण बघायला. ओळखीच्या डॉक्टरांना विचारून आठवडाभर रोज दोन तास पुरेत. डॉक्टरांच्या खुर्चीशेजारी बसण्याआधी एक दिवस बाहेरच्या बाकावर रुग्णांमध्ये बसा. कोण किती लांबून आलंय, सोबत कोण आहे, आत जाताना पदरात काय बांधलंय, हे तिथून दिसतं. कुणी कौतुकानं "घे, तू टोच इंजेक्शन" म्हणालं तरी घेऊ नका. रुग्णाचा फोटो काढू नका, घरी येऊन त्याचं नाव घेऊन काही सांगू नका. ही शिस्त पहिल्या दिवसापासून लागते.

डॉक्टर ओळखीचे नसतील तर घरातला आजारी माणूस आहेच. माझ्या आजीला रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. जुलैमध्ये एकदा मी तिची डबी उघडली. रोज एक घ्यायची गोळी, पंधराची स्ट्रिप, आणून वीस दिवस झालेले, आणि आत अकरा गोळ्या शिल्लक. "बरं वाटतंय की मला," ती म्हणाली, "दुखेल तेव्हा घेते." मी तिच्यावर ओरडले, आणि ती गप्प झाली. पुढचे दोन दिवस विचारलं तरी "घेतली" म्हणायची. तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन तिच्याजवळ बसले, तेव्हा कळलं की गोळी घेतली की तिला रात्री दोनदा उठावं लागतं आणि अंधारात न्हाणीघरापर्यंत जायची भीती वाटते. डॉक्टरांना विचारून गोळी सकाळी करून घेतली, न्हाणीघराच्या वाटेवर बल्ब लावला. आज केंद्रात एखादा म्हातारा "गोळ्या घेतो की" म्हणतो तेव्हा मी स्ट्रिप मागून घेते आणि आवाज खाली ठेवते.

अठरा पूर्ण असतील आणि वजन ४५ किलोच्या वर असेल तर एकदा रक्तदान करा. सुईच्या त्या बाजूला कसं वाटतं ते कळतं.

८. पैसे

महाडीबीटीवरच्या, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्त्या थेट आधारला जोडलेल्या खात्यात येतात. खातं अजून अज्ञान म्हणून आई-वडिलांसोबत असेल तर अठरा झाल्यावर ते स्वतःच्या नावावर करून आधार जोडून घ्या. हे राहिल्यामुळे वर्ष वर्ष पैसे अडकलेली मुलं मी पाहिली आहेत. मुलींसाठी एक विशेष: २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या मुलींना कॅपमधून (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) मिळालेल्या व्यावसायिक प्रवेशासाठी शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. उत्पन्नाचा दाखला त्यासाठीच वेळेत काढायचा. होस्टेल, मेस, पुस्तकं यांचा खर्च तरीही राहतोच. सरकारी कॉलेजात एक वर्ष सेवेचं बंधपत्र लिहून द्यावं लागतं, ते घरच्यांना आधी समजावून सांगा.

९. एकटं राहायला शिका

भात, वरण, एक भाजी आणि पोळी नाही जमली तरी भाकरी किंवा धिरडी, इतकं यायला हवं. मुलग्यांना हे दुप्पट आग्रहानं सांगते. मेस रविवारी रात्री बंद असते. कपडे हातानं धुणं, बटण लावणं, बँकेची स्लिप भरणं, एकट्यानं रात्रीचा प्रवास करणं, हे सगळं या महिन्यांत घरच्यांसमोर करून बघा. अठरा झाले असतील तर दुचाकीचं लर्निंग लायसन्स काढा. ते सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. रोज तासभर चाला. डिसेक्शनला दोन दोन तास उभं राहायचं असतं.

ज्यांना या वर्षी लागलं नाही त्या मित्र-मैत्रिणींना तुम्हीच फोन करा. ते करणार नाहीत. नीटबद्दल न बोलता बोला.

१०. बॅग

पूर्ण बाह्यांचे दोन सुती ॲप्रन (अनेक ठिकाणी कॉलेजजवळच शिवून मिळतात), पुढून बंद असलेले बूट, केस बांधायला रबर, कुलूप आणि त्याच्या दोन किल्ल्या, एक्स्टेन्शन बोर्ड, टॉर्च, मच्छरदाणी, पातळ चादर दोन, स्वतःच्या नेहमीच्या गोळ्या, लसीचं कार्ड, शब्दांची वही. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र ऑनलाइन भरून त्याची प्रत.

कागदपत्रांच्या झेरॉक्सचा एक संच बॅगेत वर ठेवा, एक तळाशी. तिसरा घरी राहू द्या, आणि तो कोणत्या कपाटात, कोणत्या पिशवीत आहे ते निघायच्या आदल्या रात्री आई-बाबा दोघांनाही हातात घेऊन दाखवा. नोव्हेंबरमध्ये कधीतरी कॉलेजच्या खिडकीतून एखादा कागद परत मागतील, तेव्हा तो फोटो काढून पाठवणारं कुणीतरी घरी लागतं.